चिमणचाऱ्याचा सेफ्टी डायरेक्टर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. बायकोला, म्हणजे मैथिलीला, दाखवायची नाही, तिला लगेच हसू येतं.

विषय गंभीर आहे. मैथिलीच्या ‘चिमणचारा’ पाळणाघराला आता लायसन्स लागणार. शाहूपुरीत आमच्या घराच्या तळमजल्यावर इतकी वर्षं ते सुखाने चाललंय. लोक कामावर जाताना मुलं सोडतात, संध्याकाळी नेतात, कुणाची तक्रार नाही. आता सरकारी ऑफिसातून पत्र आलं आहे. याच महिन्यात तपासणी. चौगुले नावाच्या मॅडम येणार, जागा बघणार, आग लागली तर मुलं बाहेर कशी काढणार हे विचारणार. पास झालो तर लायसन्स. नाहीतर एक डिसेंबरपासून कुलूप.

मैथिलीने हे मला आमटी वाढता वाढता सांगितलं. वरून शांत. पण आतून घाबरली आहे. मला कळतं.

सुदैवाने घरात मी आहे. उभी नोकरी विमा कंपनीत आगीचे क्लेम बघण्यात गेली. मे महिन्यात व्हीआरएस घेतली तेव्हापासून सगळा अनुभव नुसता पडून आहे. तेव्हा या पाळणाघराचं सेफ्टी डायरेक्टरपद मी आजपासून स्वीकारलं. मैथिलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, आमटीत मीठ कमी नाही ना झालं? म्हणजे हरकत नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. चिडायचं नाही. मैथिलीच्या कामात लुडबुड अजिबात करायची नाही, फक्त मार्गदर्शन.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.३०

पाचचा गजर झाला होता असं मैथिली म्हणते. मला शंका आहे.

दुपारी २.००

पाहणी पूर्ण. तज्ज्ञ लोक जागेची पाहणी मुलांच्या उंचीवरून करतात असं वाचलं होतं. म्हणून तळमजला रांगत फिरलो. टेबलाखाली कोपरे धोकादायक आहेत. टाळूला लागलेला कोपरा सर्वांत धोकादायक.

मधल्या खोलीत राजवीर (वय तीन, वजन बरंच) पाठीवर बसला तो उतरेना. मग मोनाही बसली. दूध वाटणाऱ्या तानाबाई म्हणाल्या, साहेब, उठा की आता, लेकरं दूध प्यायची थांबल्यात. तानाबाई मैथिलीच्या मदतनीस. पन्हाळ्याकडच्या. मनाने चांगल्या, पण सेफ्टीची दृष्टी नाही.

कंबर धरली आहे. मैथिलीने शेकायला पिशवी दिली. आणि मी काहीही विचारलेलं नसताना म्हणाली की उद्या वर आराम करा. माझी किती काळजी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाट्या तयार. शाहूपुरीतल्या ओळखीच्या पेंटरकडून घेतल्या. ‘पळू नये’, ‘ढकलू नये’, ‘आपत्कालीन मार्ग’, आणि स्विचबोर्डाखाली लाल कवटीची ‘धोका’.

मैथिलीने विचारलं, यांतल्या एकाला तरी वाचता येतं का? मी म्हटलं, मॅडमना येतं. ती पोळ्या लाटायला गेली. पटलं असावं.

संध्याकाळी कळलं की मोनाने कवटीला ‘काका’ म्हणायला सुरुवात केली आहे. जाता येता त्याला बिस्किट भरवते. म्हणजे पाटीकडे लक्ष गेलं. पाटीचं काम तेच.

८ नोव्हेंबर, शनिवार

कृष्णात येऊन गेला. फॅब्रिकेशनचं दुकान आहे त्याचं, पलीकडच्या गल्लीत. त्याच्याकडून दोन सुधारणा करून घेतल्या.

पहिली, बाथरूमच्या दाराला स्प्रिंग. दार आपोआप बंद झालं पाहिजे, धूर पसरत नाही. दुसरी, त्याच दाराला बाहेरून कडी, मुलं पाण्यात खेळायला आत जाऊ नयेत म्हणून. कडीचं डिझाइन माझं. दाबायची, उचलायची, डावीकडे सरकवायची आणि मग ओढायची. मूल तर सोडाच, मैथिलीलाही जमली नाही. मी तिला तीनदा शिकवलं. मलाही तिसऱ्यांदाच जमली, पण ते तेल नसल्यामुळे.

कृष्णात म्हणाला, साहेब, दार आपटलं की कडी आपनच पडतीया. आत कोन असलं तर आतनं उघडायची न्हाय बगा. मी म्हटलं, आत कोण असणार? तो म्हणाला, व्हय, ते बी खरंच की.

चांगला माणूस. ऐकतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सायरनची चाचणी. वाईट झालं नाही. म्हणजे सायरन वाजला.

मुलं एका सुरात रडू लागली. समोरच्यांचा कुत्रा रडू लागला. बाजूच्या बंगल्यातून दोघंजण लुंगीवर बाहेर आले. तानाबाई जीव घेऊन पळाल्या, आणि पळताना त्यांनी दुधाचं पातेलं वाचवलं. मुलं आतच. मी त्यांना विचारलं, आधी काय वाचवायचं असतं? त्या म्हणाल्या, तापल्यालं हुतं ओ, सांडलं असतं की.

मुलं संध्याकाळपर्यंत हुंदके देत होती. राजवीरच्या आईने मैथिलीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. मैथिलीने माझ्याकडे बोट दाखवलं. श्रेय देण्यात ती कधी कंजुषी करत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सायरनची बॅटरी गायब. चायनीज माल. आपोआप नाहीशी होते की काय कोण जाणे.

प्रश्न कायम. मुलं ज्याला घाबरणार नाहीत आणि तरी ऐकून लगेच उठतील, असा आवाज कोणता? घंटा? शाळेची आठवण येते. शिट्टी? कुकरची वाटते. दिवसभर विचार केला. मैथिली म्हणाली, विचार वर बसून करा, इथे पोरं झोपलीत.

संध्याकाळी ६.४५

सापडलं!

गॅलरीत उभा होतो. खालून वरात चालली होती. हलगी कडाडत होती, आणि बापाच्या खांद्यावरचं दोन वर्षांचं पोर, अजून नीट बोलताही न येणारं, हात वर करून नाचत होतं. कोल्हापूरच्या मुलाला हलगीची भीती वाटणं शक्यच नाही. आणि हलगी ऐकून घरात बसून राहणं त्याहून शक्य नाही.

हलगी म्हणजेच फायर अलार्म. देशात कुणाला सुचलं नसेल. मैथिलीला सांगायला धावत खाली गेलो. ती राजवीरच्या बाबांशी बोलत होती. दोघांनी माझ्याकडे बघितलं. कल्पना मोठी असली की माणसं आधी गप्पच होतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुंडूला भेटलो. लग्नात, कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणारा. त्याच्याकडून हलगी घेतली आणि शिकायला बसलो. अर्ध्या तासात हात बसला असं मला वाटलं. गुंडूने कानावर हात ठेवला होता, पण ते कलाकार लोक लहरी असतात.

तो म्हणाला, पावणं, हलगी हाय ती, कनीक न्हवं मळायची. मी कशासाठी शिकतोय हे सांगितल्यावर त्याने वाजवायची काडी खाली ठेवली. मग म्हणाला, आग लागली म्हणून हलगी? आमी तर आनंद झाला म्हणून वाजवताव. मी म्हटलं, मुलं वाचली की आनंदच आहे. यावर त्याने पान थुंकलं आणि मान डोलावली. पटलं त्याला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहिली हलगी ड्रिल. सकाळी अकराला, दुपारच्या खिचडीआधी.

मी वाजवली. मुलं उठली. इथपर्यंत उत्तम. नंतर ती जागच्या जागी नाचू लागली. क्रांतीने तर फ्रॉक धरून गिरक्या घेतल्या आणि ‘काका’च्या पाटीवर जाऊन आदळली. तानाबाईंनी पदर खोचला आणि त्याही दोन पावलं नाचल्या. बाहेर कुणीच गेलं नाही. गल्लीतले तिघे मात्र आत आले, म्हणाले, काय बारसं हाय व्हय?

निष्कर्ष: आवाज यशस्वी. दिशा चुकली.

मैथिलीने एक सुती दोरी आणली आणि तिला अंतराअंतरावर गाठी मारल्या. प्रत्येक मुलाने एक गाठ धरायची आणि आंब्याखाली जायचं. आंबा अंगणात, फाटकाच्या आत. तिथे पोचलं की राजगिऱ्याचा लाडू. दोरीचा विचार मी करणारच होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी ड्रिल. मुलं दोरी धरून, कमरेतून डोलत, सरळ आंब्याखाली. आदर्श सगळ्यांत लहान, त्याला तानाबाईंनी कडेवर घेतलं. या वेळी पातेलं मागे राहिलं. रडारड नाही, ढकलाढकली नाही.

मैथिली हसली. मनापासून, बऱ्याच दिवसांनी. मला फार बरं वाटलं. तिचं हे पाळणाघर वाचवायचंच. कुलूप लागलं तर ती काही बोलणार नाही, पण तिचं हसू जाईल, एवढं मला ठाऊक आहे.

रोज सराव घ्यायचा ठरवलं होतं. मैथिली म्हणते हलगी मी वाजवू नये, ती किंवा तानाबाई वाजवतील. मनगटाला आराम हवाच होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाळूच्या बादल्या आल्या. लाल, वर ‘आग’ लिहिलेल्या. बाथरूमच्या वाटेवर ओळीने ठेवल्या.

५.१५

वाळू मुलांनी काढली. बादल्यांत आता बाहुल्या झोपल्या आहेत. एका बादलीत मांजराने घाण केली होती. तीत तानाबाई बाहुली ठेवू देत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मैथिलीने आज मला पन्हाळ्याला पाठवलं. तिच्या मावसबहिणीचं तिथे छोटं हॉटेल आहे, तिला जिन्याबद्दल सल्ला हवा होता. गेलो. मावसबहीण आश्चर्यचकित. जिना नाहीच, सगळं एकमजली आहे. भविष्यात बांधला तर काय काळजी घ्यावी ते दोन तास समजावून दिलं. झुणका-भाकरी उत्तम होती.

परत आलो तर पाट्या दिसल्या नाहीत. धुवायला काढल्यात म्हणे. फक्त कवटी आहे. मोना रडली म्हणून ती परत लावावी लागली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कडीला तेल घातलं. आता पहिल्या झटक्यात पडते. उघडत मात्र अजून तशीच.

मैथिलीची थोरली बहीण जयसिंगपूरला असते. तिच्याकडे गॅलरीच्या कठड्याबद्दल सल्ला हवा आहे, शुक्रवारीच या असा तिचा आग्रह आहे. मैथिली म्हणाली, सकाळी लवकर निघा, मुक्कामच करा. आधी पन्हाळा, आता जयसिंगपूर. जिल्ह्यात नाव होत चाललं आहे.

तपासणीची तारीख अजून आलेली नाही. मी रोज विचारतो. मैथिली रोज म्हणते, कळेल की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मैथिली सकाळपासून घर आवरते आहे. पडदे धुतले. मुलांचे टॉवेल उन्हात. तानाबाईंनी नवं इरकल लुगडं बाहेर काढून ठेवलं आहे. काही विशेष आहे का विचारलं, तर दोघी एकदम म्हणाल्या, न्हाय. मैथिली एरवी ‘न्हाय’ म्हणत नाही. संगतीचा परिणाम.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९.५०, स्टँडवर

जयसिंगपूरची गाडी चुकली. दोष माझा नाही. आत चढलो तर आपत्कालीन दाराला टेकून कोबीची पोती. कंडक्टरला खाली बोलावून नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, बरं झालं सांगितलासा पावणं, आणि वर चढून बेल दिली. मी खालीच होतो.

१०.२०, अजून स्टँडवर

तानाबाईंचा फोन. आवाज एकदम बारीक. म्हणाल्या, साहेब, तुमी जयसिंगपुरातच ऱ्हावा, घाई करू नगासा. तपासणीच्या मॅडम आल्यात. तुमास्नी कळवू नको म्हणून ताईंनी बजावलंय, तेवढं सांगावं म्हणून फोन केला.

म्हणजे तारीख मैथिलीला माहीत होती. मला दगदग नको म्हणून सगळं एकटीने अंगावर घेतलं. भरून आलं. घर चालत दहा मिनिटांवर. निघालो.

दुपारी ३.३०

शांतपणे लिहितो.

गल्लीच्या तोंडाशीच अडकलो. आमच्या गल्लीतल्या राजवर्धनने नवा जेसीबी घेतला, त्याची मिरवणूक. जेसीबीला हार, पुढे पोरं नाचतायत, आणि वर उचललेल्या बकेटमध्ये राजवर्धनचे वडील फेटा बांधून बसलेले. बकेटमध्ये माणूस बसवू नये असं मी राजवर्धनला स्पष्ट सांगितलं. त्याने मला गुलाल लावला. मिरवणुकीच्या पुढे हलगी. वाजवणारा गुंडू.

फाटकापाशी पोचलो आणि जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही. हलगी ऐकून मुलं खेळणी टाकून उठली होती. कुणी सांगितलं नव्हतं. दोरी धरून, गाठीगाठीला एक, कमरेतून डोलत ओळ बाहेर येत होती. मागे मैथिली, तिच्या मागे आदर्शला घेऊन तानाबाई. आंब्याखाली येऊन सगळी उभी राहिली आणि लाडवासाठी हात पसरले. गुलालाने माखलेला मी फाटकातून ओरडलो, शाब्बास! सगळे बाहेर! एकही माणूस आत नाही!

तानाबाई म्हणाल्या, आन् मॅडम?

मॅडम बाथरूम बघायला गेल्या होत्या. दार स्प्रिंगने आपोआप बंद झालं होतं. कडी आपोआप पडली होती. दोन्ही सुधारणांनी आपापलं काम चोख केलं होतं. त्या केव्हापासून दार ठोकत होत्या, पण हलगीपुढे ऐकू कुणाला येणार?

मी धावलो. पहिल्या बादलीला अडखळलो, दुसरीत पाय गेला. दाराशी पोचून मॅडमना धीर दिला. जमिनीलगत बसा, नाकाला ओला रुमाल लावा. आतून त्या म्हणाल्या, आग कुठाय? मी म्हटलं, आग नाही, पण पद्धत ही आहे. त्या म्हणाल्या, दार उघडा.

दाबली, उचलली, डावीकडे सरकवली. नाही. पुन्हा. नाही. मैथिलीने उलथनं आणलं, ते वाकलं. शेवटी कृष्णातला बोलवायला तानाबाई गेल्या. तो जेसीबीपुढे नाचत होता. लाल तोंडाने, घामाने निथळत आला, कडीकडे बघितलं आणि म्हणाला, आतनं उघडत न्हाय म्हटलंतं की म्या! मग पहार घालून त्याने अख्खं दारच बिजागरीतून काढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

मॅडम बाहेर आल्या. कृष्णातने आधार द्यायला हात दिला, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या बाहीवर गुलाबी पंजा उमटला. पाणी प्यायल्या. खुर्चीत बसल्या. मैथिली भिंतीला टेकून उभी होती. हातात ते वाकलेलं उलथनं तसंच होतं. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. या एका मिनिटावर सगळं होतं.

मॅडम म्हणाल्या, मी बाथरूमच्या खिडकीतनं बघितलं. लेकरं स्वतःहून गेली, कोण रडलं न्हाई, कोण पडलं न्हाई. अशी ड्रिल मी कुठं बघितली न्हाई. आग लागली असती तर सगळी वाचली असती. एक मी गेले असते.

मी नम्रपणे मान झुकवली.

मग त्यांनी विचारलं, दाराला स्प्रिंग कुणी लावली? मी. कडी? मी. वाटेत बादल्या? मी. आणि तुम्ही इथं काय म्हणून? सांगितलं. सेफ्टी डायरेक्टर. मॅडमनी मैथिलीकडे बघितलं. मैथिलीने आंब्याकडे बघितलं. तानाबाई म्हणाल्या, ह्ये ताईंचं मालक. हितं काय न्हाईत. वर ऱ्हात्यात.

मॅडम उठल्या. म्हणाल्या, लायसन्स देते. स्प्रिंग, कडी, बादल्या आजच्या आज काढा. हलगी ऱ्हाऊ दे. साहेबांना काढा.

फाटकापर्यंत गेल्यावर परत वळल्या आणि मैथिलीला म्हणाल्या, एवढ्या मुलांना तुम्ही दोघी पुरे आहात. पण हे दिवसा खाली असणार असतील तर यांच्यासाठी एक बाई वेगळी ठेवा.

थोडक्यात, पास. शिवाय माझ्या हाताखाली एक माणूस मंजूर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मैथिली सकाळपासून हसते आहे. भांडी घासताना, भाजी चिरताना. तानाबाई मधूनच ‘नाकाला वला रुमाल’ म्हणतात आणि दोघी कट्ट्याला धरून बसतात. मुलांनी हलगी ऐकली नाही तरी आज आंब्याखाली दोनदा जाऊन लाडू मागितला.

दुपारी मुलं झोपल्यावर मदतनीस नेमण्याचा विषय काढला. मैथिली माझ्यासमोर येऊन बसली. आता हसत नव्हती.

म्हणाली, अहो, मॅडमची भीती मला एक दिवस वाटली नाही. तुमचीच वाटत होती.

मी चष्मा काढून पुसला.

म्हणाली, आपली अदिती शिकायला पुण्याला गेली, तुम्ही दिवसभर ऑफिसात, घर खायला उठायचं. तेव्हा हे सुरू केलं. या घरात माझं म्हणून एवढं एकच आहे. तुम्ही रिटायर झालात म्हणून ते तुमचं होत नाही. तुम्ही पूर्वी संध्याकाळी यायचात तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं की बरं वाटायचं. आता दिवसभर पाऊल वाजतं आणि मी दचकते.

मला वाईट वाटलं. फार. तिला हसवायला म्हणून सगळं करत होतो, आणि ती मला पन्हाळ्याला पाठवत होती. हे लिहिताना पहिल्यांदाच लक्षात आलं की तिथे जिनाच नव्हता.

पद सोडतो म्हणालो. ती म्हणाली, पद नव्हतंच. मग तिने हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

३० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर कुठे जायचं हा प्रश्न मैथिलीनेच सोडवला. मोनाचे आजोबा गणपतराव राजारामपुरीत निवृत्तांसाठी दिवसभराचं विरंगुळा केंद्र चालवतात. कॅरम, पेपर, दुपारी वामकुक्षी. मैथिलीने फोन लावला, फोन स्पीकरवर होता. गणपतरावांनी विचारलं, सगळं खातात का? दुपारी झोपतात का? दुसऱ्यांशी भांडत बिंडत नाहीत ना? मैथिली म्हणाली, भांडत नाहीत, पण शिकवतात. मग ते म्हणाले, बरं, एक आठवडा बघू.

तिथला मी सर्वांत लहान असेन.

संकल्प: पहिल्या आठवड्यात एकही सूचना करायची नाही. बाहेर पडायचे दरवाजे किती आहेत हे फक्त मनात मोजायचं.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.२०, विरंगुळा केंद्र

मैथिलीने स्कूटरवरून आणून सोडलं. खाली पाळणाघरात पालक मुलं सोडत होते, त्याच वेळी आम्ही निघालो. तानाबाईंनी डबा दिला. मोठा डबा सापडला नाही म्हणून मुलांचाच, झाकणावर ससा आहे. म्हणाल्या, पयल्या दिशी समद्यास्नीच रडू येतंय साहेब, चार दिसात रमत्यात बगा. मी म्हटलं, मी काय लहान आहे? तर त्यांनी माझी कॉलर नीट केली.

गणपतरावांनी खुर्ची दाखवली. सगळे माझ्याकडे बघत होते. कॅरमला कुणी घेतलं नाही. दरवाजा एकच आहे. कुणाला काही बोललो नाही.

मैथिली फाटकातूनच परत गेली. सहाला न्यायला येते म्हणाली. साडेपाचपासूनच तिथे जाऊन उभं राहायचं ठरवलं आहे.